नाजूक छातीचं घराणं

९ फेब्रुवारी १९०९

डॉक्टरसाहेबांस,

पत्राला कारण तुमचा कागद. तो काल शिपायाबरोबर पोचला. तुम्ही स्वतः आला नाहीत ते एका परीनं बरंच झालं. काल तुम्ही दारात उभे असता तर माझ्या तोंडून जे निघालं असतं ते लेकीच्या कानावर पडण्यासारखं नव्हतं.

'तुम्ही' लिहायला हात वळत नाही. तुझं नाक पुसलेलं आहे मी. तेव्हा तूच.

तर, धाकटीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तू लिहिलेलं मी वाचलं. मृत्यूचं कारण: क्षय. आणि त्याच्याखाली तुझ्या त्या सुबक अक्षरात: 'घराण्यातच छाती नाजूक.'

कुठलं घराणं रे? आपलंच ना? मी ज्या पोटातून आले त्याच पोटातून तू आलास आणि मग धाकटी आली. आई म्हातारी होऊन जिन्यावरून पडली म्हणून गेली, आणि पडेपर्यंत तो जिना पाण्याची बादली घेऊन चढत होती. बाबा भट्टीपुढे कोळसा ओढायचे, तरी त्यांची हाक पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. तू रडायला लागलास की शेजारी भिंतीवर थापा मारायचे. मी कारखान्यात कपांवर फुलं रंगवत आयुष्य काढलं. पाठ गेली, डोळे चालले, छातीला अजून काही झालेलं नाही. मग ही नाजूक छाती नेमकी धाकटीलाच कुठे मिळाली? वाटेत कुणी दिली?

घासणखोलीत मिळाली. तुला ते माहीत आहे, पण तू विसरल्याचं सोंग आणलंयस म्हणून लिहिते. कपबश्या भट्टीत वाकू नयेत म्हणून गारगोटीच्या पुडीत पुरून भाजतात. भाजून निघाल्या की त्यांना चिकटलेली पूड ब्रशनं घासून काढायची. एवढंच काम. ते बायकांना देतात, कारण बायकांचा हात हलका असतो म्हणे. घासणखोलीच्या खिडक्या बंद ठेवतात, कारण वारा शिरला की पूड उडून शेजारच्या खोलीतल्या ओल्या रंगावर बसते. म्हणजे माझ्या फुलांवर. माझ्या पाकळ्या स्वच्छ राहाव्यात म्हणून माझी बहीण त्या पुडीत कोंडलेली होती, आणि मी मधल्या दारातून तिला हात करत होते.

लग्न झालं तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन घरी यायची आणि तिचा नवरा म्हणायचा, ही कोण पाहुणी आली. ती हसायची. मग हसलं की खोकला यायला लागला. मग हसणं सोडलं. शेवटी तिला आडवं होता येईना. खुर्ची पालथी घालून खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवायची आणि तिनं त्यावर टेकून बसायचं, अशी झोप. तू आलास ना मध्ये एकदा. नळी लावून ऐकलंस. "विश्रांती द्या," म्हणालास. तिनं विचारलं, "दादा, पुडीनं झालंय का रे?" तू नळी पुसत बसलास. चांगली घासून पुसलीस. ती उत्तराची वाट बघत होती, आणि तू गेल्यावर मला म्हणाली, "दादाला कमी ऐकू यायला लागलंय का?"

ती खरंच विचारत होती, बरं का. टोमणा नव्हता.

एखाद्या अडाणी माणसानं तो कागद लिहिला असता तर मी त्याला समजावून सांगितलं असतं. तुला काय समजावू? तू त्याच गल्लीत वाढलास. धाकटीला कडेवर घेऊन फिरायचास.

तुझी थोरली बहीण
(छाती ठणठणीत)


३ मार्च

भावास,

तुझं उत्तर आलं. चार पानं. त्यात धाकटीबद्दल दोन ओळी आणि बाकी सगळे जंतू.

'ताई, रागाच्या भरात शास्त्र समजत नाही,' असं लिहिलंयस. बरं. राग बाजूला ठेवून विचारते. जंतू असतील, मी नाही म्हणत नाही. पण ते घासणखोलीतच का राहतात? मधलं दार ओलांडून रंगखोलीत का येत नाहीत? त्यांना फुलं आवडत नाहीत का?

आणि तुझा फलकही लागला. आमच्याच भिंतीवर, जिच्या मागे धाकटी खुर्चीला टेकून बसायची त्याच भिंतीवर, तुझे लोक खळ लावून चिकटवून गेले. खिडक्या उघड्या ठेवा. खोलीत गर्दी करू नका. कुठेही थुंकू नका. खाली तुझी सही. शेजारणीनं मला तो वाचून दाखवायला लावला. ऐकून म्हणाली, "म्हणजे मेलेलीचीच चूक." मग म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, एक खोली वाढवून दे, गर्दी नाही करत." तिची पाच पोरं आहेत, नवरा नाही, आणि तुझा फलक वाचून तिनं कुणाला बाहेर काढायचं ते तूच तिला येऊन सांग.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. झालं ते सांगते.

मी मॅनेजरकडे गेले. नीट केस विंचरून, स्वच्छ साडी नेसून, आवाज खाली ठेवून गेले. म्हटलं, "साहेब, घासणखोलीत धूळ ओढून घेणारा पंखा लावतात म्हणे इतर ठिकाणी. आपल्याकडेही लावा." त्यानं मला बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग खणातून तुझ्या कागदाची नक्कल काढून माझ्यापुढे ठेवली आणि मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. पण हे तुमच्याच भावानं लिहिलंय. दोष घराण्यात आहे. पंखा लावून घराणं बदलतं का?"

मी उठले. वळून म्हटलं, "धूळ फेकायची तर लोकांच्या डोळ्यांत फेकतात, साहेब. तुम्ही छातीत फेकलीत." हे म्हणायला नको होतं. मला माहीत आहे. पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमीण रंगखोलीत आली. ती कशी आहे तुला ठाऊक आहे. उंच, कोरडी, कुणाशी एक शब्द जास्त नाही, बाकावर कुणी खोकलं तरी "काम तोंडानं करायचं नसतं" म्हणणारी. ती माझ्या लेकीच्या मागे उभी राहिली, तिच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि म्हणाली, "तुला घासणखोलीत घेतलंय. चल."

तुझी भाची सोळा वर्षांची आहे. रंगात तिचा हात माझ्याहून चांगला आहे. ती माझ्याकडे न बघता उठली आणि गेली. संध्याकाळी घरी आली ती पांढऱ्या पापण्या घेऊन. मला म्हणाली, "आई, तू काही बोलू नकोस आता. मी तोंडाला फडकं बांधते."

धाकटीही फडकं बांधायची.

तुझ्या एका ओळीनं हे झालंय. मला शास्त्र समजत नसेल, पण एवढं समजतं.

ताई


३० मार्च

भावास,

गेल्या आठवड्यात तू येऊन गेलास. तू जे बोललास ते लिहून पाठवते, म्हणजे पुढे 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला जागा राहणार नाही.

गाडी कोपऱ्यावर सोडून तू चालत आलास. मी चहा टाकला. तू खुर्चीवर बसण्याआधी ती हातानं झटकलीस. सवय असेल.

मी विचारलं, "तुला माहीत आहे की नाही?"

तू म्हणालास, "माहीत असणं वेगळं, ताई, आणि लिहिणं वेगळं."

"कसं वेगळं?"

"मालक आरोग्य समितीचे अध्यक्ष आहेत. माझी नेमणूक दर वर्षी त्यांच्या सहीनं होते. मी गारगोटी लिहिली तर पुढच्या वर्षी माझ्या जागी जो येईल तो पुन्हा क्षयच लिहील. मग काय मिळवलं?"

"म्हणजे दुसऱ्यानं खोटं लिहू नये म्हणून तू लिहितोस."

मग तू एकदम म्हणालास, "पोरीला माझ्याकडे पाठव. घरात राहील, माझ्या बायकोला मदत करील. उद्याच पाठव." तुझा आवाज तेवढा एकदाच खरा वाटला. तू घाबरला होतास. ज्याला काही माहीत नाही तो असा घाबरत नाही.

आता माझं ऐक. मी तुला शिव्या देऊन बाहेर काढायला हवं होतं, आणि मी पाठवलं पोरीला. तिला विचारलंही नाही. गाठोडं बांधून हातात दिलं. ती म्हणाली, "आणि बाक?" मी म्हटलं, "बाक गेला खड्ड्यात."

बाक खड्ड्यात जात नाही. ती गेली त्याच दिवशी मुकादमिणीनं शेजारणीच्या थोरलीला बसवलं. शेजारीण माझ्याशी बोलत नाही. नळावर मी गेले की ती बादली उचलून अर्धी भरलेलीच घेऊन जाते. मी तिला काय सांगणार? माझा भाऊ डॉक्टर आहे, तुझा नाही, म्हणून माझी पोरगी सुटली? ते तिला न सांगता कळलंय.

तेव्हा तुझे उपकार मानते असं समजू नकोस. तू एक पोरगी उचललीस आणि तिच्या जागी दुसरी ठेवली गेली. आणि या वेळी तुझ्याबरोबर मीही त्यात आहे. त्याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावरच काढते. तुला सवय होऊ दे.

ताई


१९ मे

भावास,

पोरगी घरी सुखरूप पोचली. तुझ्या बायकोनं मागच्या दाराशी घाईनं बांधून दिलेलं तिनं खाल्लं नाही, ते शेजारच्या पोरांना वाटलं. बायकोला सांग, पोरांना आवडलं.

काय झालं ते तिच्या तोंडून ऐकलं. तू म्हणशील पोरीनं तिखटमीठ लावलं असेल. ती माझी लेक आहे, आहे त्याहून कमीच सांगते.

मॅनेजर तुझ्याकडे जेवायला आला होता. ही चहा घेऊन गेली. कप आमच्याच कारखान्याचे, निळ्या फुलांचे. त्यातलं एखादं फूल हिनंच काढलेलं असेल. मॅनेजरनं कप उजेडात धरून त्याच्या पांढरेपणाचं कौतुक केलं. मग कारखान्यात एक सरकारी तपासनीस बाई फिरतेय त्याबद्दल तक्रार केली. बाई बाकाबाकावर जाऊन विचारते, पण बायका बोलत नाहीत, आणि सप्टेंबरात चौकशी बसणार आहे. तू त्याला धीर दिलास. "काळजी करू नका. माझ्याकडचे सगळे कागद एकच सांगतात. काही घराण्यांत छाती मुळातच नाजूक असते."

आणि ही बशी हातात धरून म्हणाली, "मामा, मग तुमची छाती कशी आहे?"

मॅनेजरला कळेना. "ही कोण?" म्हणून त्यानं विचारलं. तू म्हणालास, "कामाची मुलगी आहे."

ते ऐकल्यावर ती आत गेली, गाठोडं बांधलं आणि मागच्या दारानं निघाली. रडत नव्हती, असं म्हणते. मी विचारलं, "मामा मागे आला का?" ती म्हणाली, "जिन्यापर्यंत आला. पाहुण्यांचा आवाज आला म्हणून परत गेला."

कामाची मुलगी. माझी लेक, धाकटीची भाची. धाकटीला निदान कागदावर तरी तू आपल्या घराण्यात घेतलंस. हिला तेवढंही नाही.

मला वाटलं होतं तुझ्यावर रागवायचं आता काही शिल्लक नाही. होतं.

कारखान्यात तिला परत घेत नाहीत, रंगखोलीतही नाही. ती धुण्याची कामं धरते आहे. पहिल्याच दिवशी शेजारणीकडे जाऊन म्हणाली, "तुमच्याही पोरींचे कपडे द्या, गारगोटीचे वेगळे धुते." शेजारणीनं दिले. माझ्याशी अजून बोलत नाही, पण बादली आता भरून नेते.

ताई


२७ जुलै

भावास,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला शिव्यांशिवाय काही नव्हतं. आज आहे.

मुकादमीण आजारी आहे. इतकी वर्षं बाकाच्या टोकाशी उभी राहून इतरांना गप्प करायची, आणि स्वतः रात्रंदिवस काय दाबून ठेवायची ते कुणाला कळलं नाही. गेल्या महिन्यात ती कामावर कोसळली. रविवारी सकाळी तिनं मला बोलावणं पाठवलं. मी जाणार नव्हते. लेक म्हणाली, "जा. बोलावलंय ना."

तिची खोली मी पहिल्यांदा पाहिली. तुझ्या फलकावर जे जे लिहिलंय ते सगळं तिथे आहे. खिडकी मोठी, सताड उघडी. फरशी पुसलेली. एकटी बाई, गर्दी कुठली? ती खाटेवर बसून होती, गुडघ्यांवर उशी घेऊन, पुढे वाकून. धाकटी बसायची तशीच.

मला म्हणाली, "बस. तुझ्या पोरीला मी बाकावर बसवलं. मॅनेजरनं सांगितलं, मी बसवलं. त्याबद्दल बोलायला नाही बोलावलं."

"मग?"

"तुझा भाऊ माझ्या कागदावर काय लिहील?"

मी म्हटलं, "सगळ्यांना लिहितो तेच. क्षय. घराण्यातच छाती नाजूक."

ती हसली. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते हसणं खोकल्यात बुडालं, मला तिची पाठ धरावी लागली. मग म्हणाली, "मला घराणंच नाही. मला अनाथालयाच्या पायरीवर ठेवलेलं होतं. आई कोण, बाप कोण, त्यांची छाती कशी, कुणाला ठाऊक नाही. आता लिहू दे त्याला घराणं. कुठलं लिहितो बघू."

मी तिच्या गुडघ्यांवरची उशी सरळ केली.

"मी गेले की मला फाडायचं," ती म्हणाली. "तपासनीस बाईला मी सांगितलंय, तिनं लिहून घेतलंय, अंगठा दिलाय. पण एक अट घातलीय. फाडायचं तुझ्या भावानंच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यानं स्वतःच्या हातानं आत बघायचं आणि बाईनं शेजारी उभं राहायचं."

मी विचारलं, "हे आता का? इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याच बाजूनं होता."

बराच वेळ तिनं श्वास गोळा केला. "मला वाटायचं, मी उभी असते, बाकावर बसत नाही, मला काही होणार नाही. बसणाऱ्यांचं होतं." मग म्हणाली, "चांगली नाहीये मी. उगाच तसं समजू नकोस. मला मॅनेजरचा राग आलाय. आजारी पडल्यावर त्यानं माझी चौकशी केली नाही, माझ्या जागी कोण घ्यायची ते मलाच विचारायला माणूस पाठवला."

मी तिला पाणी दिलं. तिचे केस विंचरले. माझ्या लेकीला त्या बाकावर बसवणारे तेच हात मी धुतले. मला दया आली असं लिहिणार नाही. मला एवढंच वाटलं की या बाईचा आणि माझा राग एकाच दाराशी जाऊन उभा आहे.

तुला हे आधी सांगते आहे, कारण तुझ्यावर कुणी डाव टाकला असं तू म्हणू नयेस. तुला वेळ आहे. आजारी पडून रजेवर जा, परगावी जा, हात मोडून घे. पळायचं असेल तर तुला वाटा बऱ्याच आहेत. तिला नाहीत.

ताई


२२ ऑगस्ट

काल ती गेली. आज तू तिला फाडलंस.

मी इस्पितळाच्या मागच्या पायरीवर होते, शेजारीण होती, बाकावरच्या आणखी दोघी होत्या. शेजारीण माझ्याजवळ येऊन बसली. बोलली नाही, पण बसली.

तू बाहेर आलास तेव्हा आम्ही सगळ्या उठलो. तू आम्हाला पाहिलंस की नाही मला कळलं नाही. बाह्या वर, हात धुतलेले, तरी अंगापासून लांब धरलेले. मागून तपासनीस बाई आली. तिनं तुला विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मध्येच का थांबलात?" तू तिला म्हणालास, "सुरीला लागत होतं. वाळूत चालवल्यासारखी सुरी अडत होती." आणि मग तू भिंतीला पाठ लावून खाली बसलास, जमिनीवर. कपडे झटकले नाहीस.

मी तुझ्याजवळ आले नाही. पाय उचलत होता, पण मी आले नाही. वाटलं, आत्ता मी गेले तर हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडेल, मोकळा होईल, आणि उद्या टेबलाशी बसून पुन्हा तेच लिहील.

आधी लिही.

ताई


२६ सप्टेंबर

बाळ,

तुझं पत्र काल मिळालं. या वेळी एकच पान आहे आणि त्यावर जंतू नाहीत.

चौकशीला मी मागच्या रांगेत होते. तू मला पाहिलंस हे तुझ्या पत्रावरून कळलं. मला वाटलं होतं तू एकट्या मुकादमिणीपुरतं बोलशील आणि खाली बसशील. तू उभा राहून सांगितलंस, "फुप्फुसं गारगोटीच्या पुडीनं दगडासारखी झाली होती. मृत्यूचं कारण हा कारखाना आहे." मॅनेजर ताडकन उठला. "मग याआधी तुम्ही दिलेले कागद खोटे होते का?" सगळं दालन तुझ्याकडे बघायला लागलं. मालक पहिल्या रांगेत काठीवर हात ठेवून बसले होते. तू त्यांच्याकडे बघितलंस, आणि मला वाटलं, आता हा पुन्हा नळी पुसणार.

तू म्हणालास, "हो. खोटे होते. ते मी लिहिले."

शेजारणीनं माझा हात धरला. इतका घट्ट की अंगठ्यात नख रुतलं. बाहेर आल्यावर तिनं सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं. म्हणाली, "तुझ्या भावाला वाचा फुटली. माझ्या पोरीला काय त्याचं?" आणि गेली.

ती बरोबर बोलली. पंख्याचा हुकूम झालाय. पंखा झालेला नाही. माणसं येऊन भिंतीला भोक पाडून गेली, भोकातून आता बाहेरची धूळ आत येते. मॅनेजर म्हणतो, यंत्र परगावाहून यायचंय. तपासनीस बाई दर आठवड्याला येऊन त्या भोकापाशी उभी राहते, आणि ती पाठ सोडणारी नाही, एवढा विश्वास मला आहे. शेजारणीची पोरगी अजून बाकावर आहे. तिला सकाळी उठल्यावर खोकला येतो.

तुझी नेमणूक गेली हे आम्हाला तुझ्याआधी कळलं. तुझ्या फलकावर नव्या डॉक्टरच्या सहीचा कागद डकवून गेले. खिडक्या तशाच उघड्या ठेवायच्या आहेत. तुझी बायको माहेरी गेली, कुठल्याही गावाहून तुला बोलावणं येत नाही, ते मोठं घर सोडावं लागणार, हे सगळं वाचलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण फार नाही वाटलं.

तू क्षमा मागितली आहेस. ती माझ्याकडे नाही रे. जिच्याकडे असती तिला खुर्चीवर टेकून बसलेली तू पाहून गेलास. भाचीकडे मागायची असेल तर पत्रात मागू नकोस, समोर येऊन माग. ती देईल की नाही मला माहीत नाही. ती माझ्यावर गेली आहे.

आणि शेवटी विचारलंयस की मी अजून रागावलेली आहे का. हो. तू खरं बोललास त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला, आणि घरी येऊन मी भांडी आपटली. कारण ते इतकं सोपं होतं. एक वाक्य होतं. उभं राहून बोलायचं होतं. ते तू फेब्रुवारीतही बोलू शकला असतास, आणि त्याच्याही आधी, जेव्हा तिनं तुला विचारलं होतं. तू खरं बोललास म्हणून माझा राग कमी झाला नाही, वाढला. हे तुला समजेल अशी आशा आहे. नसेल समजत तर विचार कर, आता तुला वेळ आहे.

तेव्हा ऐक. घासणखोलीतल्या बायकांना छाती तपासून घ्यायची आहे. नव्या डॉक्टरकडे त्या जाणार नाहीत. तुझ्याकडे यायलाही निम्म्या तयार नव्हत्या. एक म्हणाली, "ज्यानं खोटं लिहिलं त्यालाच दाखवायचं?" मी म्हटलं, "निदान त्याला खोटं कसं असतं ते पाठ आहे." त्यावर त्या हसल्या आणि कबूल झाल्या. आमच्या खोलीत पडदा लावते. रविवारी सकाळी ये. गाडी मिळणार नाही, चालत ये. जेवण इथेच कर, जे असेल ते.

पहिली शेजारणीची पोरगी असेल. तिच्या आईनं स्वतः येऊन सांगितलंय, सगळ्यांच्या आधी तिला बघ. ती घाबरट आहे, प्रश्न विचारायची नाही, तूच सांग. गोड बोलू नकोस. बाक सोडायला हवा असेल तर तिच्या तोंडावर सांग, आणि तिच्या आईच्या तोंडावरही सांग. ती तुझ्यावर ओरडेल, कदाचित हात उचलेल. तू उभा राहा. मी तुझ्या शेजारी उभी असेन, पण मध्ये पडणार नाही.

ताई